मुनव्याची चार वाजताची फेरी

मुनवा आजारी आहे हे घरात सगळ्यात आधी इंदिराबाईंच्या लक्षात आलं, आणि तेही पाण्यावरून. मागच्या दारी नळापाशी त्याच्यासाठी जर्मनचं एक पातेलं भरून ठेवलेलं असायचं. सकाळी भरलं की ते संध्याकाळपर्यंत पुरायचं. दिवाळी सरली आणि ते दुपारीच कोरडं पडायला लागलं.

"अहो, थंडीचे दिवस अन् याले कायची एवढी तहान लागू राह्यली?" त्या म्हणाल्या.

जीवरामनी पाहिलं. कुत्र्याच्या बरगड्या दिसत होत्या. त्या कधीपासून दिसायला लागल्या हे काही त्यांना आठवेना.

जीवराम चौधरी म्हणजे फैजपूरचे जुने केळीवाले. शेताचा कारभार त्यांनी मुलाच्या, चंदनच्या हाती देऊन चार वर्षं झाली होती. पण सकाळची एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. अकरा वर्षांपूर्वी लागवडीसाठी केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, ट्रॉली भरून आणले होते. ते उतरवताना ढिगाखालून मुठीएवढं तांबूस पिल्लू निघालं. ट्रॉलीत ते कुठं चढलं, कुणाचं होतं, काही कळलं नाही. चारशे मुनवे मोजून आणले होते, हा चारशे एकावा, असं चंदन म्हणाला आणि नाव पडून गेलं.

तेव्हापासून तो होता. बांधावर असायचा, ओट्यावर असायचा, ट्रॅक्टरखाली असायचा. घरातल्या खांबाकडे कुणी रोज निरखून पाहत नाही, तसंच त्याचं झालं होतं.

चंदननं जीवरामना आणि मुनव्याला गाडीत घालून जळगावला नेलं. मेहरूणमध्ये कामिनी नेहेते नावाच्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, तिशीपस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी रक्त घेतलं, पोट चाचपलं, तोंडाचा वास घेतला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी जीवरामना समोर बसवलं.

"आबा, याची दोन्ही मूत्रपिंडं थकलीत. हा आजार बरा होत नाही. पण औषध, पथ्य आणि कातडीखाली सलाईन, एवढं सांभाळलंत तर याला बरेच चांगले दिवस मिळतील."

"किती?"

"ते मी सांगू शकत नाही. तुम्हीच मला सांगायचं. कॅलेंडरवर रोज एक खूण करा. चांगला दिवस गेला तर गोल, वाईट गेला तर फुली."

जीवरामनी थोडा विचार केला. "पण ताई, चांगला म्हणजे कसा? तो काही बोलत नाही."

डॉक्टर हसल्या. "बरोबर विचारलंत. याला मनापासून आवडतात अशा तीन गोष्टी सांगा. त्यातल्या दोन त्यानं दिवसभरात केल्या, तर दिवस चांगला. सांगा, काय काय आवडतं याला?"

जीवरामनी चंदनकडे पाहिलं. चंदन म्हणाला, "पोळी आवडते." पण पोळी तर पथ्यात चालायची की नाही तेच ठरलेलं नव्हतं, आणि पोळी तर कुठल्याही कुत्र्याला आवडते. अकरा वर्षं जो आपल्या पायांत घोटाळला त्याची आवड आपल्याला सांगता येऊ नये! परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर मुनवा जीवरामच्या मांडीवर हनुवटी ठेवून झोपला होता. ते त्याच्याकडे जरा संशयानंच पाहत होते, जसा कुणी अनोळखी माणूस शेजारी येऊन बसावा.

सलाईनचं काम इंदिराबाईंनी उचललं. जीवरामचे हात थरथरायचे. बाईंनी मात्र सगळी हयात गोधड्या शिवण्यात घालवलेली. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून त्यांनी पहिल्याच दिवशी सुई अशी घातली की मुनव्यानं कानसुद्धा हलवला नाही. बाटली खुंटीला टांगलेली, पाठीवर हळूहळू फुगवटा येतोय, आणि बाई त्याला सांगताहेत, "झालं हां बापा, झालं." आतापर्यंत त्याला "हड्" याखेरीज दुसरा शब्द त्यांच्याकडून मिळालेला नव्हता.

जीवराम मात्र दुसऱ्याच कामाला लागले. त्यांना तीन गोष्टी शोधायच्या होत्या.

पहिली चार दिवसांत सापडली. सकाळी ठिबकची पाळी चालू झाली की बागेत नळीच्या कडेची माती गार होते. मुनवा तिथं जाऊन पोट टेकवायचा आणि डोळे अर्धे मिटायचा. कुठंही नाही, नेमकं तिसऱ्या ओळीत, जिथं नळीचा जोड किंचित गळतो तिथं. दुसरी गोष्ट इंदिराबाईंनी सांगितली. त्या तांदूळ निवडायला बसल्या की सुपाचा आवाज ऐकून तो येतो आणि त्यांच्याकडे पाठ करून बसतो. खायला मागत नाही, नुसता बसतो.

"हे तुले कधीपासून माहीत?" जीवरामनी विचारलं.

"पयलेपासून. तुम्ही कधी विचारलंच नाही."

तिसरी गोष्ट काही केल्या हाती लागेना. पण तिचा माग होता. प्रकृती बरी असेल त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुनवा उठायचा, अंग ताणायचा आणि फाटकातून बाहेर पडायचा. तास-सव्वा तासानं परत यायचा तो तोंड चाटत, शेपटी वर करून. इंदिराबाई म्हणाल्या, हे काही आजचं नाही, रोजचं आहे. आता आजारामुळे खाडे पडतात एवढंच.

"जातो कुठी पण?"

"मले काय माहीत? कुत्र्यानं कुठी जावं ते का सांगून जावं?"

महिनाभराच्या खुणा झाल्यावर जीवरामच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. चार वाजताची फेरी झाली त्या दिवशी गोल, आणि दुसऱ्या दिवशी हमखास फुली. दुसऱ्या दिवशी मुनवा ओकायचा, पाणी पीत राहायचा, हाक मारली तरी मान उचलायचा नाही. चालून चालून थकतो, असा त्यांनी अर्थ लावला आणि चारच्या आधीच फाटकाला कडी घालायला सुरुवात केली.

आठवडाभर फाटक बंद राहिलं. ओकाऱ्या थांबल्या. पण चार वाजले की मुनवा कडीखाली जाऊन बसायचा, फटीला नाक लावून. ना भुंकायचा, ना नखं घासायचा. पाच वाजेपर्यंत बसायचा आणि मग परत ओट्यावर येऊन पडायचा. तिसऱ्या दिवसापासून तो तिसऱ्या ओळीतल्या गार मातीतही जाईना. सुपाचा आवाजही त्याला ऐकू येईना झाला. त्या आठवड्यात ना फुली मारावी ना गोल काढावा, असे दिवस गेले.

"बांधून ठेवलं म्हणजे का जगला म्हणायचं?" एका दुपारी इंदिराबाई म्हणाल्या, आणि जाऊन स्वतःच त्यांनी कडी काढली.

जीवरामनी पायांत चपला घातल्या. "मी जातो त्याच्यामागं. पाहू तरी."

मुनव्यानं चार पावलं टाकून मागं वळून पाहिलं. जीवराम थांबले. तो चालायला लागला की हे चालायचे, तो थांबला की हे विजेच्या खांबावरच्या जाहिराती वाचायचे. सत्तरीला आलेला माणूस आपल्याच कुत्र्याच्या मागं चोरासारखा चाललाय म्हटल्यावर पानटपरीवरचा नवल हसायला लागला. "आबा, कोन कोनाले फिरवू राह्यलं?" जीवरामनी त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं.

केळीच्या गाड्या भरतात त्या मैदानाच्या कडेनं मुनवा गेला. तिथल्या कुत्र्यांनी त्याला पाहून शेपट्या हलवल्या. त्यानं कुणाकडे लक्ष दिलं नाही, कामावर निघालेल्या माणसासारखा. पुढं नवीन वसाहत लागली. एकसारखी घरं, बाहेर तुळशी, दुचाक्या. एका फिकट हिरव्या घराच्या पायऱ्यांपाशी तो थांबला. दम खाल्ला. मग एकेक पायरी चढून ओट्यावर गेला.

ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या आसपासची, नाकात मोठी नथनी, नऊवारी पातळ, एका डोळ्यावर मोतीबिंदूची साय. मुनव्याची चाहूल लागताच तिचा चेहरा उजळला.

"उना का पाव्हना? कितला दिन व्हयी ग्यात! मी म्हने, पाव्हना रुसना."

मुनव्यानं तिच्या पायांवर हनुवटी टेकवली. म्हातारीनं त्याच्या कानामागं बोटं घातली आणि बोलायला सुरुवात केली. नातसुनेनं चहात साखर कमी टाकली म्हणून कोण कुणाला काय बोललं, स्वप्नात भाऊ आला तेव्हा त्यानं कुठलं धोतर नेसलं होतं, गावाकडच्या विहिरीला अजून पाणी असेल का. सगळं खालच्या आवाजात, न थांबता. मुनवा ऐकत होता. निदान त्याचे कान तरी प्रत्येक वाक्याला हलत होते.

जीवराम रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली उभे होते. आपल्या कुत्र्याचं दुसरं नाव आहे, दुसरी भाषा आहे, तीही अहिराणी, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना राग यायला हवा होता की हसू, ते त्यांचं त्यांनाच कळेना. आणखी काय काय असेल, एवढाच विचार डोक्यात फिरत राहिला.

तेवढ्यात म्हातारीनं खुर्चीखालचा डबा ओढला आणि त्यातून ज्वारीचा भाजलेला, पापडासारखा बिबडा काढून मोडला. मुनव्यानं तो कुर्रकन खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा.

बिबडा म्हणजे मीठ, मिरची, लसूण, तीळ! जीवराम एकदम रस्ता ओलांडून पुढं आले. "अक्का, थांबा! त्याले देऊ नका ते!"

म्हातारी दचकली. "कोन शे रे भाऊ?"

"मी जीवराम चौधरी. कुत्रा माझा आहे."

तिनं आधी त्यांच्याकडे, मग मुनव्याकडे पाहिलं. "हाऊ तुमना शे का?" तिचा आवाज लहान झाला. "मी समजनू, हाऊ कोनाच नही. मना पाव्हना शे."

जीवराम पायरीवर बसले. आजार सांगितला, पथ्य सांगितलं, सुई सांगितली. म्हातारीचं नाव वच्छलाबाई. शिंदखेड्याकडची. नवरा गेल्यावर मुलीनं, रत्नानं, तिला इथं आणून चार वर्षं झाली होती. रत्ना कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला, जावई बाहेरगावी, रत्नाची सून शिकवण्या घ्यायला बाहेर जाते. दुपारभर घरात कुणी नाही. गल्लीतल्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांची लेवा बोली हिच्या कानांना वेगळी आणि हिची अहिराणी ऐकून पोरी तोंडाला पदर लावायच्या.

"आठे कोनले मनी बोली समजस नही," ती म्हणाली. "याले समजस. बठ्ठं सांगस मी याले."

मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आणखी एक सांगितलं. रोज संध्याकाळी ती मुलीला म्हणायची, आज पाव्हना आला होता. रत्ना विचारायची, कोण पाहुणा, कुठला, काय म्हणाला? म्हातारी सांगायची, काही म्हणत नाही, नुसता बसतो. कुत्रा आहे हे तिनं सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, मुलीला माहीत आहे. रत्नानं शेजारी विचारलं, कुणी पाहुणा आलेला पाहिला नव्हता. तिनं आईला डॉक्टरकडे नेलं. आता झोपताना एक गोळी सुरू होती.

"पोर म्हनस, माय, तुले भास व्हतस." वच्छलाबाईंनी मुनव्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मन्हाबी मनमा ये, व्हतबी व्हई. गया आठ दिन हाऊ उनाच नही. मी म्हने, खरंच भास व्हता."

ते आठ दिवस फाटकाला कडी होती. जीवरामना पायरीवर बसवेना. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "अक्का," ते म्हणाले, "तुमची पोरगी येईपर्यंत मी थांबतो."

रत्ना सहा वाजता आली. पन्नाशीची, चष्मा लावलेली, खांद्याला पिशवी. ओट्यावर एक अनोळखी म्हातारा आणि आईच्या पायांशी कुत्रा पाहून ती फाटकातच थबकली.

"माय, हाई काय शे?"

"पाव्हना," वच्छलाबाई म्हणाल्या.

रत्नानं कुत्र्याकडे पाहिलं. जीवरामनी सगळं सांगितलं. मग ती पिशवी तशीच जमिनीवर सोडून आईपुढं उकिडवी बसली आणि आईचे दोन्ही हात धरले. "माय, तू सांगाले पाहिजे ना, कुत्रा शे म्हनून."

"तू विचारं कोठे?" म्हातारी म्हणाली. "तू विचारं, कोन उना. मी सांगं, पाव्हना उना."

रत्ना रडता रडता हसायला लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं डॉक्टरांना फोन करून गोळीचं विचारलं, असं नंतर कळलं.

घरी आल्यावर जीवरामनी इंदिराबाईंना सांगायला सुरुवात केली, ती जेवण होईपर्यंत चालली. बाईंनी दोनदा जेवण थांबवून "मंग?" विचारलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तो तठी पाहुणा, आन् आठी घरचा. आपल्यापेक्षा त्याचाच गोतावळा मोठा."

जळगावला फोन केल्यावर डॉक्टर कामिनींनी सगळं ऐकून घेतलं. ओकाऱ्या बिबड्यांमुळेच होत्या असं छातीठोक सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण मीठ आणि लसूण दोन्ही याला विषासारखे, तेव्हा ते आजपासून बंद. फेरी मात्र चालू द्या.

पण वच्छलाबाईंना ते पटेना. पाहुण्याला कोरड्या तोंडानं कसं पाठवायचं? दुसऱ्या आठवड्यात इंदिराबाईच उठल्या, चालत त्या हिरव्या घरी गेल्या. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर समोरासमोर बसल्या. एक लेवा बोलीत बोलत होती, दुसरी अहिराणीत. अर्ध्या शब्दांवर दोघी अडत होत्या आणि हातवाऱ्यांनी पुढं जात होत्या. ठरलं ते असं, की पाव्हन्यासाठी वेगळे बिबडे करायचे.

"मीठ नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

"बरं."

"मिरची नाही, लसूण नाही."

"मंग ऱ्हायनं काय?"

"ज्वारी."

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. पण पौषाच्या उन्हात दोघींनी मिळून ज्वारीचं पीठ आंबवलं, शिजवलं आणि ओल्या कापडावर तळहाताएवढे पांढरे बिबडे थापले. डॉक्टरांनी दिवसाला फक्त अर्ध्याची परवानगी दिली. मुनव्यानं पहिला तुकडा हुंगला, म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं आणि कुर्रकन खाल्ला. त्याला मीठ नाही, कुर्रकन आवाज हवा होता की काय, याचा जीवरामनी पुढं कितीतरी दिवस विचार केला.

पौष आणि माघ, दोन्ही महिने चांगले गेले. लागोपाठ नऊ दिवस गोल, असंही एकदा झालं. ज्या दिवशी मुनव्याला चालवत नसे, त्या दिवशी जीवराम त्याला स्कूटीवर आपल्या पायांपाशी पोत्यावर बसवून घेऊन जात आणि नवल टपरीवरून उठून सलाम ठोकत असे. जीवराम स्वतः ओट्याच्या कडेला बसू लागले. सुरुवातीला अहिराणी अर्धी डोक्यावरून जायची. मग शिंदखेड्याची विहीर, भाऊ, त्याचं धोतर, सगळं त्यांच्याही ओळखीचं झालं. कधी कधी वच्छलाबाई मुनव्याला काही सांगत असताना जीवरामच मध्ये विचारायचे, "मग पुढं काय झालं?" आणि ती कुत्र्याला म्हणायची, "दख, याले दम नही."

फाल्गुनात रक्त तपासायला पुन्हा जळगावला जायचं होतं. वच्छलाबाईंनी हट्ट धरला, मीही येणार. रिपोर्ट चांगला नव्हता. डॉक्टरांनी आकडे दाखवले, औषध बदललं आणि उन्हाळा जड जाईल असं स्वच्छ सांगितलं. बाहेर आल्यावर चंदननं विचारलं, "तलावावर थांबायचं का थोडं?"

मेहरूण तलावाच्या काठाला उन्हं कलली होती. म्हातारीला धरून बाकावर बसवलं. मुनवा काठापर्यंत गेला, पाणी हुंगलं, आणि कुणाला काही कळायच्या आत आत शिरला. पोटापर्यंत पाणी आलं तसा तो पोहायला लागला. अकरा वर्षांत त्यानं पाटाच्या पाण्यातसुद्धा कधी पाय घातला नव्हता. तांबूस डोकं पाण्यावर, मागं लांब रेघ. चंदन पँट दुमडून धावला. पण मुनवा आपला एक वळसा घेऊन परत आला, काठावर उभा राहून त्यानं अंग झटकलं आणि सगळ्यांच्या कपड्यांवर पाणी उडवलं.

"हे कुठी शिकला हा?" इंदिराबाईंनी विचारलं.

जीवराम इतके हसले की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी आपल्या उपरण्यानं मुनव्याला पुसलं, पंजांच्या फटीतलंसुद्धा, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. अजून काय लपवून ठेवलंस रे, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

उन्हाळा खरंच जड गेला. चैत्रात मुनवा खायचा बंद झाला. इंदिराबाई सलाईन देत राहिल्या, बोलत राहिल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीगल्लीत माहेरवाशिणी आल्या, झोक्यांवर गाणी सुरू झाली, आणि त्या दिवशी त्यानं सांजोरीचा एक कण इंदिराबाईंच्या बोटावरून चाटला. पथ्याबाहेरचं होतं, त्यांनी चाटू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत तिसऱ्या ओळीत आढळला. पोट गार मातीला टेकलेलं. एवढ्या लांब तो कधी आणि कसा चालत गेला, कुणी पाहिलं नाही. जीवराम त्याच्याजवळ बराच वेळ बसले. मग चंदननं तिथंच खड्डा खणला.

चार वाजता जीवराम वच्छलाबाईंकडे गेले. सांगावं लागलं नाही. स्कूटीवर पायांपाशी रिकामं पोतं पाहून ती समजली. पदर डोळ्यांना लावून तिनं विचारलं, "कोठे ठेवं त्याले?"

"बागेत. केळीत."

"मी केळीनी बाग कधी दखेल नही," ती म्हणाली. चार वर्षं ती केळीच्या गावात राहत होती. बागेच्या आत तिला कुणी नेलं नव्हतं, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत चंदननं गाडी थेट बांधापर्यंत नेली. एका बाजूनं रत्ना, दुसऱ्या बाजूनं इंदिराबाई, अशी म्हातारी ओळीओळीतून निघाली. आत गारवा होता, वर पानांचं छत. मातीच्या उंचवट्यापाशी ती थोडी थांबली, हात जोडले, अहिराणीत हळूच काहीतरी बोलली. ते जीवरामना ऐकू आलं, समजलंही, पण त्यांनी ते कुणाला कधी सांगितलं नाही.

परत फिरताना वाटेत एक झाड नुकतं निसवलेलं, घड बाहेर पडलेलं दिसलं. जांभळं केळफूल घडाच्या टोकाशी लोंबत होतं, म्हातारीच्या बरोबर हाताशी. दिसत असलेला डोळा तिनं जवळ नेला. बोटांनी जाड पाकळी चाचपली, वर उचलली. आत पिवळसर फुलांची रांग होती, एकाला एक लागून.

"हाई काय शे, भाऊ?"

"हे एकेक फूल म्हणजे एकेक केळ, अक्का."

"इतलं बारीक?" तिनं दुसरी पाकळी उचलली. "आनि हाई? ह्यानी खाले काय शे?"

जीवराम तिच्या शेजारी वाकले आणि तिला दाखवायला लागले.